बांधाबांधाने : गोव्यात सायकलवर चार दिवस

"मामा, चार दिवस मागून हॉर्न ऐकू आला नाही पाहिजे. बाकी कुठेही ने." पुण्याहून भाचीचा फोन आला तो एवढ्याच अटीवर. ती रोज सायकलने कामावर जाते आणि रोज कुठल्यातरी डंपरच्या शेजारून घरी परतते, त्यामुळे तिची अट मला समजली. पण गोव्यात जानेवारीत गाड्या नसलेला रस्ता? किनाऱ्यावर विचारूच नका. मात्र मी शाळामास्तर होतो. बदल्यांच्या निमित्ताने दिवाडीपासून सांग्यापर्यंत राहिलो, आणि पुष्कळ वर्षे शाळेत सायकलनेच गेलो. डांबर कुठे संपते आणि पुढे काय लागते, हे मला पायांनी ठाऊक आहे.

वाट अशी आखली : जुन्या गोव्याहून दिवाडी बेट, नार्वे, डिचोली, मग साखळी, वाळपई, तांबडी सुर्ल, तिथून मोले, कुळे, सांगे, नेत्रावळी, आणि शेवटी रिवण, केपे, चांदर, राशोल करत दुर्भाटला फेरीने उतरून फोंड्याला माझ्या घरी. एकूण २३८ किलोमीटर. त्यातले ऐंशीएक किलोमीटर मातीचे आणि खडीचे, उरलेले बहुतेक अशा बारीक डांबरी रस्त्यांचे की जिथे दिवसातून दोनचारदा बस येते आणि एरवी कोंबड्या चरतात. माघ नुकता लागला होता. या दिवसांत बांध सुकलेले असतात, ऊन अजून चढलेले नसते, आणि काजूला मोहर असतो.

पहिला दिवस : जुने गोवे ते डिचोली, ३८ किमी

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पावणेसातला पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे होती. मांडवीवर धुके इतके दाट की बोटीचा आवाज आधी आला आणि बोट नंतर. दिवाडीला उतरताना भाचीने पेडलवर पाय ठेवला, तसा मी तिला थांबवले. बेटावर सायकल चालवणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : फेरीतून सगळ्यात शेवटी उतरावे. स्कूटर आणि मोटारी एका दमात सुटतात, दोन मिनिटांत पिएदादच्या दिशेने नाहीशा होतात, आणि मग पुढची फेरी लागेपर्यंत रस्ता आपलाच.

आम्ही मात्र रस्ताही थोडाच वेळ धरला. शेतांमधून एक फाटा नदीकडे जातो, तिथे डांबर संपले आणि बांध सुरू झाला.

बांध म्हणजे नदी आणि शेत यांच्यामधली मातीची भिंत. उंची दीडदोन मीटर. माथा काही ठिकाणी बैलगाडी जाईल इतका रुंद, तर काही ठिकाणी एका माणसापुरता. नदीच्या अंगाला जांभ्या दगडाचा थर, आत चिखल आणि पेंढा. मोटारीतून ही भिंत दिसतच नाही, चालताना दिसते, पण सायकलवर तिचा खरा अर्थ कळतो. कारण आपण माथ्यावरून जात असतो आणि दोन्ही बाजू एकदम डोळ्यांत येतात. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामाचे, कोवळे भात, आणि भरतीच्या वेळी नदीचे पाणी चक्क भाताच्या वरच्या पातळीवर. भाचीने दोनदा थांबून खात्री केली. "मामा, पाणी शेतापेक्षा उंच आहे!" हो. हा बांध नसता तर आपण खाऱ्या पाण्यात उभे असतो. अशा जमिनीला आमच्याकडे खाजन म्हणतात. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन आहे, आणि ते सगळे अशाच बांधांनी समुद्राकडून मागून घेतले आहे.

"पण हा रस्ता केला कुणी?" तिने विचारले. तिच्या प्रश्नाने मला आनंद झाला, कारण मी शाळेत मुलांना हेच विचारायचो. हा रस्ता म्हणून कुणी केलाच नाही. गावकऱ्यांनी पाणी अडवायला भिंत घातली आणि तिच्यावरून चालत राहिले. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकरी संस्था होती. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. शेत वाटून द्यायचे, बांध राखायचा, खांड पडली की रात्रीबेरात्री माणसे गोळा करायची, हे सगळे तिचे काम. १९६४च्या कूळ कायद्यानंतर शेत कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्याय्यच झाले. बांधांची जबाबदारी मात्र कूळ संघटनांवर आली, आणि जिथे शेत कसणेच कमी झाले तिथे बांधाकडे बघायला माणूस उरला नाही. दिवाडीवर अजून माणूस आहे, म्हणून बांध आहे, म्हणून आम्हाला वाट आहे.

वाट सोपी नव्हती. पावसात गुरे बांधावरून जातात, मऊ मातीत खुरांचे ठसे उठतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते ठसे विटेसारखे भाजून निघतात. पहिल्या किलोमीटरभरात माझे मनगट बधिर झाले. मग उतरून टायरमधली हवा काढली. भाचीचे टायर ४२ मिलिमीटरचे, ट्यूबलेस. तिने पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय ठेवले. माझे ३८चे, ट्यूब असलेले, म्हणून मी थोडी जास्त हवा ठेवली. एवढ्यानेच जमीन बदलल्यासारखी वाटली. कठीण बांधावर जायचे तर वेगाचा नाद सोडावा आणि हवा सोडावी, हे ज्याला कुणी सांगितले नसेल त्याला मी आत्ता सांगतो.

पुढे मानस आली. बांधात एक दगडी तोंड, त्यात लाकडी झडप. भरतीला नदीचे पाणी बाहेरून झडपेवर रेलते आणि ती मिटते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलते आणि ती उघडते. राखायला कुणी असो नसो, झडप नदीच्या तालावर चालते. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. झडप वीतभर उघडी होती, पोंयीतले, म्हणजे बांधाच्या आतल्या तळ्यातले, पाणी तिच्यातून फेसाळत बाहेर पडत होते, आणि त्या तोंडाला जाळे बांधलेले होते. जाळ्याच्या शेपटात कोळंबीची मूठभर चमचम. पाण्याच्या कडेला एक बगळा डोळे न हलवता उभा. मानशीवरच्या मासेमारीची पावणी होते, म्हणजे लिलाव. त्यात वाईट काही नाही. पण गोव्यात काही ठिकाणी पावणी घेणारे मासळीच्या लोभाने भरतीचे पाणी आत घेतात आणि भाताची खाचरे खारी करून टाकतात. अशी करपलेली खाचरे मी पाहिली आहेत. खारे पाणी सोसणारे कोरगूट भातही तिथे हरते.

जाळ्यापाशी बसलेल्या बाईंनी विचारले, "खंयच्यान आयल्यात?" मी म्हटले फोंड्याहून. त्यांनी सायकलींकडे पाहिले, मग मानशीवरच्या फळ्यांकडे. दोन फळ्या सुटल्या होत्या. "हांगा देंवून वचात," त्या म्हणाल्या. आम्ही उतरून सायकली हातात धरून पलीकडे गेलो.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुने नार्वे. इथे कदंबांच्या सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले. कोटितीर्थाची तळी अजून आहे. भक्तांनी लिंग नदीपार नेले, आणि आम्हीही त्याच नदीवरून फेरीने पलीकडे गेलो. आजच्या नार्व्यातल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी शके १५९०, म्हणजे १६६८ साली करवला. तसा शिलालेख तिथे आहे. मी या देवळात अनेकदा आलो आहे, पण होडीच्या वाटेने देव गेला त्याच वाटेने प्रथमच आलो. काही वेळ दोघेही बोललो नाही.

तिथून मये तळ्याच्या काठाने डिचोली. शेवटचे चार किलोमीटर गाड्यांचे. डोळे मिटून नव्हे, पण मान खाली घालून काढले.

दुसरा दिवस : डिचोली ते तांबडी सुर्ल, ६४ किमी

सकाळी हरवळ्याच्या गुंफा आणि रुद्रेश्वर. धबधब्याला जानेवारीत पाणी बेताचेच. तिथून पुढे खाणींचा पट्टा, आणि त्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण नकाशावर तिथे खडीच्या वाटांचे जाळे दिसते आणि बाहेरून येणाऱ्या सायकलवाल्यांना त्याचा मोह पडतो. या वाटा खनिज नेण्यासाठी केल्या आहेत. २०१२च्या सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मध्ये त्या थोड्या चालल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले. त्या काळात या वाटांवर गवत वाढले आणि आमच्यासारखे लोक तिथे फिरले, हे खरे. पण आता काही ठिकाणी काम पुन्हा चालू आहे. ट्रक चालवणाऱ्याला सायकल दिसत नाही आणि कडेला खोल खड्डे असतात. आम्ही तिकडे वळलो नाही. ज्या वाटेवर आपण कुणाला अपेक्षित नाही, त्या वाटेवर जाऊ नये.

साखळीनंतर आम्ही काजूच्या भाटांतून, म्हणजे बागांतून, जाणारी वाट धरली. सत्तरीतले हे डोंगरउतार मला मनापासून आवडतात. लाल माती, वर काजूची वाकडी झाडे, मोहराचा उग्र गोड वास, आणि झाडांखाली साफसफाई चाललेली. बोंडू गळायला लागले की ते पानांत हरवू नयेत म्हणून आत्तापासून जमीन झाडून ठेवतात. मार्चमध्ये हीच वाट भट्टीकडे जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी भरते. भाटात जायची वाट म्हणूनच ती इतकी नेमकी आहे : चढावर वळसे घेते, ओहोळापाशी उथळ जागा शोधते, सावली सोडत नाही. डोक्यावर ओझे असलेल्या माणसाने पाडलेली वाट सायकललाही मानवते. एकदाही उतरून ढकलायची वेळ आली नाही.

मातीने मात्र आपला हिशेब घेतला. जांभ्याची तांबडी धूळ तेलात मिसळली की चेनवर वाटणासारखी बसते. दुपारी गियर कुरकुरायला लागले. भाचीने चेन कोरड्या फडक्याने पुसली, एकेका कडीवर एकेक थेंब तेल घातले आणि वरचे पुन्हा पुसून टाकले. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. मी चाळीस वर्षे चेन तेलात बुडवत आलो. तिने त्या दिवशी मला नीट शिकवले.

वाळपईत पातळ भाजी आणि उंडे खाल्ले. पुढे गुळेलीच्या बाजूने गेलो. याच पंचायतीतल्या मेळावलीच्या लोकांनी आयआयटीच्या प्रकल्पासाठी जमीन द्यायला विरोध केला आणि २०२१च्या जानेवारीत सरकारने तो तिथून हलवायचे ठरवले. शिक्षण संस्था हवी की नको हा वाद वेगळा. मी फक्त एवढेच पाहतो की काजूच्या या भाटांची मालकी कागदावर एकाची आणि कसणूक पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची, असे गोव्यात फार ठिकाणी आहे. वाट तिथे कसणाऱ्याच्या पायांची आहे.

साकोर्डे, बोळकर्णे करत तांबडी सुर्लला पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. बसेस निघून गेल्या होत्या. बाराव्या शतकाच्या सुमाराचे हे कदंबकालीन महादेवाचे देऊळ तेवढे जंगलामुळे वाचले. गावाच्या नावातच तांबडी माती, भोवती सगळा जांभा, आणि देऊळ मात्र काळ्या बेसॉल्टचे. हा दगड जवळपास मिळत नाही. घाटावरून आणला असावा असे अभ्यासक म्हणतात. भाचीने दोन दगडांच्या सांध्यावरून नख फिरवले. चुना नाही, नखही शिरत नाही. "हे घाट उतरून आणलं? कुठल्या वाटेने?" तिने डोंगराकडे पाहिले. दिवसभरात तिचा हा तिसरा प्रश्न होता ज्यात वाट होती.

तिसरा दिवस : तांबडी सुर्ल ते नेत्रावळी, ६६ किमी

पहाटे निघाल्याचे फळ दहा मिनिटांत मिळाले. वळणापलीकडे रस्त्यातच गवा उभा होता. गवा आमचा राज्यप्राणी, पण शाळेच्या तक्त्यावरचा गवा आणि तीस पावलांवरचा गवा यांत फरक आहे. खांदा माझ्या डोक्याच्या उंचीचा, चारी पाय गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि नाकातून येणारी वाफ थंडीत दिसत होती. मी हलक्या आवाजात म्हटले, "बाय, हलू नकोस." एक पाय जमिनीवर टेकून आम्ही उभे राहिलो. तो आमच्याकडे बघत राहिला, मग रस्ता ओलांडून बांबूत शिरला, आणि त्याच्या मागून अजून चार. शेवटचे पिल्लू होते. सायकलवर आवाज नसतो, हे जंगलात वरदान आहे आणि धोकाही. वळणावर घंटी वाजवत जावे.

भगवान महावीर अभयारण्य २४० चौरस किलोमीटरचे आहे. आतल्या जंगलवाटा फार मोहक दिसतात, पण तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. आम्ही सार्वजनिक रस्त्यावरूनच गेलो. मोल्यापासून कुळ्यापर्यंतचा भाग सांगण्यासारखा नाही. दूधसागरच्या जीपगाड्यांची रांग, धूळ, हॉर्न. भाची मागे वळून माझ्याकडे बघत होती. तिची अट मोडली होती. कुळे स्टेशनवर चहा घेताना तिला सांगितले की हा लोहमार्ग १८८८ सालापासूनचा आहे. तिला त्या क्षणी त्याचे काही वाटले नाही.

काले सोडल्यावर रस्ता पुन्हा शांत झाला. सांग्याच्या पुढे साळावली धरणाचे पाणी झाडांतून दिसू लागले. या पाण्याखाली कुर्डी गाव आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. धरण झाले तेव्हा लोकांना वाडे आणि वालकिणी इथे जागा दिल्या. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरले की गाव वर येते, घरांच्या जोत्यांमधून चालता येते, आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. मी एकदा गेलो होतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला त्यांच्या घराचा उंबरठा दाखवला, तुळशीचे वृंदावन दाखवले, आणि मग शाळेची वाट दाखवली. वाट इतकी वर्षे पाण्याखाली राहूनही दिसत होती. जानेवारीत मात्र वर फक्त निळे पाणी होते. भाचीने काठावर सायकल ठेवली आणि बराच वेळ तिथे बसली. मीही तिला घाई केली नाही.

नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळासमोरची बुडबुड्यांची तळी पाहिली. पायरीवर बसले की तळातून वर येणारे बुडबुडे मोत्यांच्या सरींसारखे दिसतात. रात्री एका कुळागरात मुक्काम. सुपारीची उंच झाडे, त्यांच्या अंगावर मिरवेल, मध्ये केळी, आणि सगळ्यांच्या पायांशी पाटाचे पाणी. जेवणात शीत, खतखते आणि शेवटी मणगणे. पाटाच्या आवाजात झोप लागली.

चौथा दिवस : नेत्रावळी ते फोंडा, ७० किमी

हा दिवस मला सगळ्यात जास्त लिहावासा वाटतो.

रिवणपर्यंत सकाळच्या गारव्यात आलो. तिथून पुढे एक सडा लागतो. गुरे घेऊन चाललेल्या माणसाला नाव विचारले तर तो म्हणाला, "सडो." सगळ्या कोकणात सडा असतो, पण त्यावरून सायकल चालवली म्हणजे तो तळव्यांत उतरतो. जांभ्याचे सपाट, काळपट, चाळणीसारखे छिद्रांचे कातळ. मध्ये पिवळे पडलेले गवत. आणि सगळीकडे सुटलेले वाटाण्याएवढे लोहगोटे, जे टायरखाली गोट्यांसारखे घरंगळतात. इथे ब्रेक मारायचा नसतो, हँडल घट्ट धरायचे नसते. हात सैल सोडले की सायकल आपली वाट शोधते. पावसाळ्यात याच कातळावर सीतेची आसवे फुलतात, पाऊल ठेवायला जागा नसते. तेव्हा इथे चाक आणू नये. मी भाचीला ते बजावून सांगितले, आणि वाचणाऱ्यांनाही सांगतो.

अर्ध्या सड्यावर तिच्या मागच्या टायरमधून पांढरा फवारा उडाला. जांभ्याच्या फुटलेल्या कडेने टायरची बाजू कापली होती, चांगली करंगळीच्या पेराएवढी. आतल्या द्रवाने एवढे मोठे भोक बुजत नाही. आम्ही रबराची वात घातली, ती निघाली. दुसरी घातली, तीही निघाली. मग टायर काढला. माझ्या पिशवीत सकाळच्या चहासाठी घेतलेल्या दुधाची रिकामी पिशवी होती. ती धुऊन, सुकवून, चौपदरी घडी करून टायरच्या आतून कापल्या जागी बसवली आणि वर ट्यूब घातली. गुरे सोडून तो माणूस आमच्या शेजारी उकिडवा बसला होता. ट्यूब आत जाईना, तेव्हा त्याने न बोलता टायर हातात घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी एका दमात कड आत बसवली. पाऊण तास गेला. दुधाची पिशवी फोंड्यापर्यंत टिकली.

त्याच माणसाने पणसायमळची वाट दाखवली. काही जण त्या जागेला उसगाळीमळ म्हणतात. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या कातळावर माणसाने कोरलेली चित्रे : वशिंडाचे बैल, हरणे, माणसे, आणि एक भुलभुलैया, ज्याच्या रेषेवरून बोट फिरवायला लागले की मध्यभागी पोचेपर्यंत थांबवत नाही. अभ्यासकांच्या नजरेस ही चित्रे १९९३ साली आली. गावाला ती आधीपासून ठाऊक होती. गुराख्यांनी काढली, असे गावात सांगत. आमच्याबरोबरचा गुराखी कातळाच्या कडेला चपला काढून उभा होता. आम्हीही बूट काढले. सायकली झाडाखाली ठेवल्या होत्या. त्या कातळावर आणण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. ऊन तिरपे होते म्हणून रेषा उठून दिसत होत्या. एका बैलाच्या पाठीची रेषा एकाच ओढीत काढलेली आहे, हात कुठे अडखळलेला नाही.

केपे, मग चांदर. कदंबांची आणि त्यांच्या आधी भोजांची राजधानी असलेले हे चंद्रपूर आज शांत गाव आहे. आम्ही तिथे सोलकढी प्यायलो आणि निघालो. राशोलला पुन्हा खाजन लागले, पुन्हा बांध. ख्रिस्तपुराण हा मराठी ओव्यांचा ग्रंथ रोमी लिपीत छापला गेला तो याच गावात, १६१६ साली. हे भाचीला सांगितले तेव्हा तिने सेमिनरीकडे बघून सायकल थांबवली, पण मला फेरी गाठायची होती.

लोटलीच्या बांधावर वारा समोरून आला. पायांत काही उरले नव्हते. रासईच्या धक्क्यावर पोचलो आणि तिथेच सिमेंटवर आडवे झालो. फेरीने जुवारी ओलांडली, दुर्भाटला उतरलो. नेहमीप्रमाणे शेवटी.

दुर्भाटला आम्ही घरचा रस्ता सोडून पाचच मिनिटे बांधाकडे वळलो, कारण मला भाचीला एक गोष्ट दाखवायची होती. पौष अमावास्येला इथले शेतकरी खाजनात चिखलाची मगर करतात आणि तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात तिला. कुंभारजुव्याच्या खाडीत आणि या नदीत खऱ्या मगरी आहेत. त्यांनी बांध राखावा आणि शेतात उतरणाऱ्याला सांभाळावे, अशी श्रद्धा. अमावास्या होऊन चार दिवस झाले होते. मगर तिथेच होती, उन्हाने तडकलेली, पाठीवर शिंपल्यांचे खवले, जबड्यात काटक्यांचे दात, त्यांतले काही पडलेले. भाची तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने एकही फोटो काढला नाही.

मगरीच्या पलीकडे तिघे जण बांधाला चिखल लावत होते. खालच्या खाचरातून एकजण फावड्याने ढेपा कापत होता, दुसरा त्या वर देत होता, तिसरा पायाने दाबून बसवत होता. ताजा भाग वीसेक पावलांचा, ओला, काळा, चकाकणारा. आमची वाट त्याच्यावरूनच जात होती.

मी विचारले, "बाजूने जाऊ?"

दाबणारा म्हातारा सरळ उभा राहिला. "आठ दिस कोणेंच चलपाचें ना हाचेर," तो म्हणाला. मग सायकलींकडे बघून, "शेतांतल्यान वचात. पूण खांद्यार घेवन."

आम्ही बूट काढून गळ्यात अडकवले. भाचीने सायकल उजव्या खांद्यावर घेतली, मी डाव्या. खाचराच्या कडेच्या चिखलात घोटाभर पाय गेले, गार पाण्यात बोटांच्या फटींतून माती वर आली. म्हातारा वरून बघत होता आणि हाताने खूण करत होता : इकडे नको, तिकडे, तिकडे घट्ट आहे.